सात दिवसांचा गजभिये

फॉर्मच्या अकराव्या रकान्यापाशी देवानंदचं घोडं अडलं. तिथपर्यंत सगळं सरळ होतं. गाडी कोणाची: राजाराम नामदेव गजभिये, राहणार हॅमिल्टन, ओंटारिओ, कॅनडा. मालक हयात आहे का: नाही. गाडी कोण चालवणार: देवानंद नामदेव पवनीकर, राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. आणि अकरावा रकाना: चालवणाऱ्याचं मालकाशी नातं काय. तिथे त्यानं ठळक अक्षरांत ‘ब्रदर’ असं लिहिलं आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

विम्याचं ऑफिस चालवणाऱ्या मिसेस टॅकेटनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. बाई साठीची, अंगात हिरवा स्वेटर, बोलणं हळू. कागद तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

“सावत्र भाऊ?” तिनं विचारलं.

“नाही. सख्खा.”

“म्हणजे आई एक, वडील वेगळे?”

“आई एक आणि वडीलही एकच.”

“मग आडनावं दोन कशी?”

वीस वर्षांत हा प्रश्न कोणी त्याला तोंडावर विचारला नव्हता. त्यानं तशी वेळच येऊ दिली नव्हती. आता व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका आडगावात, न्हाव्याच्या दुकानाला लागून असलेल्या एका खोलीत, एका अनोळखी बाईनं तो सहज विचारला होता, आणि उत्तराची वाट बघत ती शांतपणे बसली होती.

“आमच्याकडे बदलतात कधीकधी,” तो म्हणाला.

“बरं. मग बदलल्याचा कागद असेल ना?”

कागद नव्हता. आणि कागदाशिवाय काही हलणार नव्हतं. गावाबाहेरच्या यार्डात राजारामची मरून रंगाची पोंटिअॅक तीस दिवस उभी होती. तीस दिवस झाले की यार्डवाला बेवारस गाडी लिलावात काढायचा. तिसावा दिवस आजचा, शुक्रवारचा, आणि यार्ड पाचला बंद होणार होतं. विम्याचा कागद दाखवल्याशिवाय यार्डवाला किल्लीला हात लावू देईना. राजारामचा स्वतःचा विमा ऑक्टोबरअखेर संपला होता आणि मेलेल्या माणसाच्या नावानं नवा विमा द्यायला कॅनडातली कंपनी तयार नव्हती. ट्रकवर चढवून न्यायची तर भाड्यात तशीच दुसरी गाडी आली असती. राहता राहिला एक मार्ग: परदेशात नोंदलेली गाडी घरी पोचवण्यापुरती सात दिवसांची तात्पुरती पॉलिसी. ती देणारी एकच कंपनी मिसेस टॅकेटच्या माहितीत होती. तिची अट एवढीच की गाडी चालवणारा मालकाच्या सख्ख्या नात्यातला हवा, आणि ते कागदावर दिसायला हवं.

देवानंद कालच्या बसनं कॅरीहून इथे आला होता. महिन्याभरातली ही त्याची दुसरी खेप.

पहिली खेप ऑक्टोबरातली. १९८७ सालचा तो एक बुधवार. संध्याकाळी पाचच्या सुमारास घरचा फोन वाजला आणि सुलेखानं, त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीनं, तो उचलला. रिसीव्हरवर हात ठेवून ती म्हणाली, “डॅड, फॉर यू. सम हॉस्पिटल. दे से इट्स अबाउट युअर ब्रदर. बट यू डोन्ट हॅव अ ब्रदर.”

पोरीचं काय चुकलं? तिला घरात कोणी काका असल्याचं कधी सांगितलंच नव्हतं. फोनवर नर्स होती. वाटेतल्या कॉफीच्या दुकानात एक गृहस्थ कोसळले, आणलं तेव्हा प्राण गेला होता, शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली, तीवर हे नाव आणि हा नंबर आहे, असं तिनं सांगितलं. नाव तिनं अडखळत वाचलं: देवानंद पवनीकर. राजाराम त्याच्याकडेच यायला निघाला होता. साडेतीन तासांचा रस्ता उरला होता. रात्रीच्या जेवणाला तो दारात उभा राहिला असता, अकरा वर्षांनी, न कळवता.

हॉस्पिटलात देवानंदनं भावाला ओळखलं आणि सही केली. तिथल्या कागदावरही नातं विचारलं होतं. त्यानं लिहिलं, कोणी शंका काढली नाही. राजारामला ओळखायला आडनाव लागलं नव्हतं, त्याची गाडी हलवायला मात्र लागत होतं.

ती चिठ्ठी त्यानं तेव्हा पाहिली. अक्षर राजारामचंच. ‘पवनीकर’ या आडनावाला राजारामनं आयुष्यात पहिल्यांदा पेन लावलं होतं. टेलिफोन कंपनीला नंबर विचारायचा तर दुसरा इलाजच नव्हता, अशी देवानंदनं त्या दिवशी स्वतःची समजूत घातली होती.

हॅमिल्टनला अंत्यविधी झाला. पोलादाच्या कारखान्यातले राजारामचे सोबती आले होते, टोरांटोहून चार कुटुंबं आली होती, त्यांनी बुद्धवंदना म्हटली. देवानंदलाही ती पाठ होती, ओठ नुसते हलले. निघताना शीला, राजारामची बायको, दारापर्यंत आली. लग्नापासूनच्या पंधरा वर्षांत तिनं या दिराला एकदाच पाहिलेलं, तेही लग्नात, मांडवात सगळ्यांत मागे उभं असलेलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “एक मागू का? त्यांची गाडी परक्या गावात बेवारस पडलीय. मला ड्राइव्ह करता येत नाही. दुसऱ्या कोणाला पाठवायचं मनात येत नाही. ते तुमच्याकडे येत होते, तर तुम्हीच आणा ती घरी.” मग म्हणाली, “दादाला एक वस्तू हातात द्यायची आहे, असं म्हणत होते. काय ते मला सांगितलं नाही. गाडीतच असेल.”

“आणतो,” तो म्हणाला. अकरा वर्षांत भावासाठी त्यानं कबूल केलेलं हे पहिलं काम. ते तरी धड व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं.

आणि ते काम आता अकराव्या रकान्यात अडकून पडलं होतं.

मिसेस टॅकेटला माणसाला दारातून परत लावायची सवय नसावी. तिनं मार्ग सुचवला. “मालकाच्या बायकोकडून पत्र मागवा. तुम्ही दीर आहात आणि तुम्हाला तिची परवानगी आहे, असं. माझ्याकडे फॅक्स मशीन आहे, नवीन घेतलंय.” हे सांगताना तिनं अभिमानानं कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं.

शीला त्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातच होती, राजारामच्या फंडाचे कागद भरायला. तिथेही फॅक्स होता. फोन झाला आणि अर्ध्या तासात यंत्र कुरकुरलं, चकचकीत कागद गुंडाळत बाहेर आला. मिसेस टॅकेटनं तो वाचला आणि चष्म्यावरून देवानंदकडे पाहिलं.

“यात लिहिलंय, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ देवानंद नामदेव गजभिये यांना गाडी आणण्याची परवानगी आहे. तुमचं लायसन्स पवनीकर नावाचं आहे.”

त्यानं परत फोन लावला. तिकडून शीलाचा दमलेला आवाज आला, “चुकलं का काही?”

“शीला, माझं आडनाव… लायसन्सवर वेगळं आहे. तुला माहीत आहे ना?”

“ऐकून होते. पण त्यांनी घरात कधी ते घेतलं नाही, भाऊजी. आमच्याकडे तुम्ही गजभियेच. कसं लिहायचं, सांगा.”

मग त्यानं एकेक अक्षर सांगितलं आणि ती ते लिहून घेत राहिली. पी फॉर पीटर. ए फॉर अॅपल. ज्या नावापायी तिच्या नवऱ्यानं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, ते नाव तिला विधवा झाल्यावर तिसाव्या दिवशी नीट लिहायला शिकवावं लागत होतं. देवानंदला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

दुसरं पत्र आलं. मिसेस टॅकेटनं दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि कंपनीला फोन केला. बराच वेळ ती ‘येस’, ‘नो’, ‘आय अंडरस्टँड’ करत होती. फोन ठेवून तिनं सांगितलं ते थोडक्यात असं: पहिल्या पत्रातला माणूस भाऊ आहे, पण तो पवनीकर नाही; दुसऱ्या पत्रातला पवनीकर आहे, पण तो भाऊ कसा हे दिसत नाही. एकाच बाईनं अर्ध्या तासात दिराचं आडनाव बदललं, याची कंपनीला उलट शंकाच येतेय.

“तुम्ही कधीकाळी गजभिये होतात असा एखादा जुना कागद द्या. शाळेचा दाखला, डिग्री, काहीही.”

असले कागद राहू नयेत, यासाठीच तर त्यानं एवढी मेहनत घेतली होती.

एम.एस्सी. करून तो पुण्यात नोकरीला लागला ते १९६६ साल. गाव भंडारा जिल्ह्यातलं पवनी. वडील नामदेव गुरुजी तिथे शाळामास्तर. छप्पन साली दोन्ही मुलांचे हात धरून ते नागपूरला दीक्षेला गेले होते आणि परतताना त्यांनी सांगितलं होतं, आता मान खाली घालायचं कारण उरलं नाही. पण पुण्यात खोली हवी होती. पहिल्या घरी सगळं ठरलं, आडनाव विचारलं आणि खोली अचानक मालकाच्या भाच्यासाठी लागली. दुसऱ्या घरी चहाचा कप अर्धा प्यायला होता, तेव्हा विचारलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी तर कारणसुद्धा दिलं नाही, नुसतं दार लोटलं. चौथ्या घरी त्यानं आडनाव पवनीकर सांगितलं. खोली मिळाली. सकाळी गरम पाणीही मिळायचं.

एकदा बोललेलं खोटं त्यानं पुढं चोख पक्कं करून घेतलं. सरकारी गॅझेटात जाहीर केलं, डिग्री नव्या नावाची करून घेतली, पासपोर्ट त्याच नावाचा काढला, आणि अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गॅझेटचं कात्रण फाडून कचऱ्यात टाकलं. काम इतकं नीट झालं होतं की आज त्यालाच त्यातून वाट सापडत नव्हती. नाव बदललं तेव्हा गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. राजाराम बोलला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, कॉलेजात भाषणं करायचा. “खोलीसाठी बापाचं नाव टाकलंस, दादा,” एवढं म्हणून तो ताटावरून उठला होता.

“एखादं जुनं पत्र तरी?” मिसेस टॅकेट विचारत होती. “तुमच्या आताच्याच पत्त्यावर, त्या नावानं आलेलं, पोस्टाचा शिक्का असलेलं. तेवढ्यावर मी कंपनीला पटवू शकेन.”

“नाही,” देवानंद म्हणाला. “तसलं पत्र नाही माझ्याकडे.”

हे खरं होतं. तसलं पत्र त्याच्याकडे नव्हतं, पण आलं होतं.

१९७६ साली. तेव्हा कॅरीच्या आसपास मराठी घरं सहा. दसऱ्याचं जेवण त्या वर्षी देवानंदकडे होतं. मीरानं, त्याच्या बायकोनं, श्रीखंड केलं होतं. पाहुण्यांत सगळ्यांत वडीलधारे पुरुषोत्तमकाका आणि पद्मिनीकाकू. काका आत येताना दारातल्या पेटीतलं टपाल घेऊन आले, मदत म्हणून. वरचं पाकीट कॅनडाचं. त्यांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, “देवानंद एन. गजभिये. हे कोण हो तुमच्याकडे?”

खोलीत सगळे बसले होते. दसऱ्याचा दिवस धरून राजारामनं पत्र टाकलं होतं, कारण तो दीक्षेचाही दिवस. चार वर्षांनी आलेलं पहिलं पत्र. हात पुढे करून घ्यायचं, ‘माझ्या भावाचं’ म्हणायचं, एवढंच तर होतं.

“आधी इथे कोणी राहत असेल,” तो म्हणाला.

“आधी? कॅरीत गजभिये राहत होता?” पुरुषोत्तमकाका हसले. मग हसणं अर्ध्यात थांबलं आणि ते पाकिटाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. एवढं बावळट खोटं बोलून माणूस स्वतःच सगळं सांगून मोकळा होतो. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. पद्मिनीकाकूंनी श्रीखंडाची तारीफ केली. देवानंदनं सगळ्यांसमोर पेन काढलं, पाकिटावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ‘या पत्त्यावर या नावाचे कोणी नाही. पाठवणाऱ्याला परत.’ पाकीट बाहेर पेटीत ठेवलं, पोस्टमनसाठी लाल झेंडी वर केली आणि आत येऊन पुरी घेतली. मीरा त्या दिवशी पाहुणे जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, आणि पाहुणे गेल्यावरही बोलली नाही.

त्यानंतर राजारामचं पत्र आलं नाही. गुरुजी गेले तेव्हाही दोघे भाऊ पवनीला वेगवेगळ्या आठवड्यांत जाऊन आले.

“तीन वाजलेत,” मिसेस टॅकेट म्हणाली. “यार्डात जाऊन गाडीचं रजिस्ट्रेशन तरी घेऊन या. कंपनीला ते लागेलच. तोवर मी त्यांच्याशी पुन्हा बोलते.”

यार्ड चालत दहा मिनिटांवर. डोंगरावरून बोचरा वारा येत होता. झाडांना पान राहिलं नव्हतं. पोंटिअॅक ओळीत शेवटची, काचेवर धूळ, ओंटारिओची नंबरप्लेट शेजारच्या गाड्यांत एकटीच वेगळी. यार्डवाल्यानं दार उघडून दिलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला, न जाणो गाडी पळवली तर.

पुढच्या सीटवर थर्मास होता, तळाशी चहा वाळलेला. मागच्या सीटवर हॅमिल्टनच्या दुकानातली मिठाईची पेटी, दोरी बांधलेली. आत काय झालं असेल, हे बघण्याचं धाडस देवानंदला झालं नाही. त्यानं डॅशबोर्डचा कप्पा उघडला. नकाशा, टॉर्च, प्लास्टिकच्या पाकिटात रजिस्ट्रेशन. आणि रजिस्ट्रेशनच्या खाली, खाकी कागदात नीट गुंडाळलेलं, ते पाकीट.

गोंद तसाच होता. कोणी उघडलं नव्हतं. वर राजारामचं तिरकं अक्षर: देवानंद एन. गजभिये, खाली कॅरीचा घरनंबर, रस्ता, सगळं बरोबर. कोपऱ्यात शिक्का, सप्टेंबर १९७६. आणि त्या सगळ्यावरून आडवी गेलेली ती ठळक ओळ. शाई जराही फिकी झाली नव्हती.

दादाला हातात द्यायची वस्तू ती हीच. जे पत्र पोस्टानं पोचलं नाही, ते अकरा वर्षं जपून राजाराम स्वतः पोचवायला निघाला होता. देवानंद गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. यार्डवाल्यानं विचारलं, “यू ओके, मिस्टर?” त्यानं मान हलवली. तो मुळीच ओके नव्हता.

मिसेस टॅकेटला हवा तसाच कागद मिळाला होता, आणि तो दाखवण्यापेक्षा गाडी लिलावात गेलेली बरी, असंही एक क्षण त्याच्या मनात आलं. बसनं परत जावं, शीलाला सांगावं, खूप प्रयत्न केला, कंपनीनं ऐकलं नाही. ते खोटं पहिल्यापेक्षा कितीतरी सफाईदार झालं असतं. तरी तो ऑफिसकडे चालू लागला. पावणेचारला त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं.

मिसेस टॅकेटनं नाव वाचलं, पत्ता लायसन्सशी ताडून पाहिला, शिक्का उजेडात धरला आणि खूश झाली. “हे अगदी…” एवढं म्हणून ती थांबली. आडव्या ओळीवर तिची नजर गेली होती. तिथून ती नजर सावकाश सकाळच्या फॉर्मकडे गेली, अकराव्या रकान्यातल्या ठळक अक्षरांकडे, आणि परत आली.

“हे तुमचं अक्षर आहे.”

“हो.”

“तुम्ही लिहिलंत? भावाच्या पत्रावर?”

“हो.”

“का?”

वीस वर्षांचा सगळा इतिहास त्याला सांगता आला असता. पुण्यातली तीन दारं, अर्धा राहिलेला चहा, आणि यातलं एकही कारण त्या दिवशी कॅरीत खरं नव्हतं. तिथे कोणी त्याला घराबाहेर काढणार नव्हतं. घर त्याचं स्वतःचं होतं.

“घरात पाहुणे होते,” तो म्हणाला.

मिसेस टॅकेटनं पाकिटाची फोटोकॉपी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. “कंपनीला हे असंच पाठवलं तर ते म्हणतील, यावर तर लिहिलंय की असा माणूस तिथे नाही. ही ओळ तुम्हाला खोडावी लागेल. खोडून शेजारी लिहा की हा माणूस मीच, आणि सही करा. दोन्ही नावांनी.”

त्यानं ओळ खोडली. एका रेघेत खोडली जाईना, दोन मारल्या. खाली पवनीकर म्हणून सही केली, ती रोजच्यासारखी झपकन झाली. मग गजभिये. हाताला वळण आठवेना. शाळेतल्या पोरासारखी सुटी सुटी अक्षरं निघाली, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत येईतो त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. मिसेस टॅकेट उठून फॅक्सकडे गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

साडेचारला कंपनीचा होकार आला. पॉलिसीवर टाइप केलं होतं: देवानंद एन. पवनीकर उर्फ देवानंद एन. गजभिये, मालकाचा भाऊ. मुदत सात दिवस. “सात दिवसांनंतर हा कागद कोणाच्याही कामाचा नाही,” पॉलिसी हातात देताना मिसेस टॅकेट म्हणाली. ते तिला प्रत्येकाला सांगावंच लागत असेल.

पाचला दहा कमी असताना पोंटिअॅक यार्डाबाहेर पडली. पत्र त्यानं उघडलं नाही. शेजारच्या सीटवर, थर्मासच्या बाजूला ठेवलं. वेस्ट व्हर्जिनियात एका मोटेलात तो झोपला, म्हणजे आडवा झाला, आणि उजाडताच निघाला. वाटेत एका पेट्रोल पंपावरून त्यानं घरी फोन केला. सुलेखानं उचलला.

“डॅड, व्हेअर आर यू?”

“तुझ्या काकाची गाडी चालवतोय.”

“हॅज ही गॉट अ नेम? माय अंकल?”

“राजाराम,” तो म्हणाला. “राजाराम गजभिये. आपण पण तेच, बेटा. घरी आलो की सांगतो.” मग ती म्हणाली, “ओके, डॅड.” त्या ओकेत काय होतं, ते त्याला उमगलं नाही.

बफेलोच्या पुलावर कॅनडाच्या अधिकाऱ्यानं नंबरप्लेट पाहिली. “गाडी तुमची?”

“भावाची. तो वारला. घरी नेतोय.” पॉलिसी, दोन्ही फॅक्स, पाकिटाची कॉपी, सगळं त्यानं मांडीवर तयार ठेवलं होतं. अधिकाऱ्यानं हात पुढे केलाच नाही. “सॉरी फॉर युअर लॉस,” म्हणून त्यानं गाडी सोडली. भाऊ म्हटलं आणि त्यानं मानलं. जगात बहुतेक ठिकाणी एवढंच पुरतं, आणि ते एवढंसं म्हणायला देवानंदला अकरा वर्षं जड गेली होती.

हॅमिल्टनला पोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि उजेड मावळत चालला होता. राजारामच्या घरासमोर त्यानं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि पत्र उघडलं. आणखी लांबवायला आता रस्ताही उरला नव्हता. आत एकच पान होतं.

‘दादा, सप्रेम जयभीम. चार वर्षांनी लिहितोय. इथे आल्यावर मला खोली मिळेना. फोनवर हो म्हणायचे आणि तोंड बघितलं की खोली गेलेली असायची. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा परत येताना तुझी आठवण झाली. तू पुण्यात तीन दारांवरून परत आलास, ते बाबांनी मला सांगितलं होतं, पण कळलं आत्ता. मी तुला बोलायला नको होतं. मला तर नाव बदलून तोंड लपवायचीसुद्धा सोय नव्हती, नाहीतर मीही काय केलं असतं, कोणास ठाऊक. पाकिटावर पवनीकर लिहायला दोनदा बसलो, हात वळला नाही. एवढी एक वेळ सांभाळून घे. हे पोचलं की कळव, पुढचं पत्र तुझ्या नावानं टाकीन. नाव कुठलंही असो, दादा तूच. तुझा, राजा.’

गाडीच्या काचेवर टकटक झालं. शीला शाल लपेटून बाहेर आली होती. त्यानं काच खाली केली.

“भाऊजी, कधीचे बसलात इथे? आत या.” मग त्याच्या हातातल्या कागदाकडे तिचं लक्ष गेलं. “ती वस्तू मिळाली का? त्यांना द्यायची होती ती?”

“मिळाली,” देवानंद म्हणाला. “आज पोचली. त्यानं कळवायला सांगितलं होतं, शीला. पोचलं की कळव म्हणाला होता.” आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून तो मोठ्यानं रडू लागला, रस्त्यावरून जाणारे थांबून बघताहेत याची पर्वा न करता.

शीला दाराशी उभी राहिली, त्याचं होईपर्यंत. मग तिनं हात आत घालून किल्ली काढून घेतली आणि मागच्या सीटवरची मिठाईची पेटी उचलली. तो तिच्या मागोमाग घरात गेला. खिशातल्या पॉलिसीचे अजून पाच दिवस उरले होते.